क्षयाच्या रुग्णात फुप्फुसाचा कर्करोग: निदान कसे करावे आणि दोन्ही उपचार कसे सांभाळावेत

बरेच दिवस न जाणारा खोकला, बेडक्यातून पडणारे रक्त, उतरत जाणारे वजन, मंदावलेली भूक, बारीक ताप आणि छातीतले दुखणे ही लक्षणे क्षयाची आहेत आणि तीच फुप्फुसाच्या कर्करोगाचीही आहेत. फ्रेंच वैद्य गास्पार लोरां बेल यांनी १८१० मध्ये क्षयाचे प्रकार मांडताना ‘कर्करोगी क्षय’ हा एक वेगळा प्रकार धरला होता. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्ये दाखवून दिला, त्याच्या सत्तरएक वर्षे आधीची ही गोष्ट आहे. त्यानंतर एक्स-रे आला, सीटी स्कॅन आला, जंतूचा डीएनए दोन तासांत ओळखणारी चाचणी आली, तरी या दोन रोगांची गल्लत अजून होतच असते. २०२३ मध्ये जगभरात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि २०२२ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे २५ लाख नवे रुग्ण आढळले. दोन्ही रोगांमागे धूम्रपान हे समान कारण आहेच, शिवाय ज्यांनी कधीही धूम्रपान केलेले नाही अशा लोकांमध्येही क्षय होऊन गेल्यावर कर्करोगाची शक्यता वाढते. त्यामुळे एकाच रुग्णात हे दोन्ही रोग एकत्र सापडणे अजिबात नवलाचे नाही.

हा लेख प्रामुख्याने क्षयाच्या रुग्णांवर रोजचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी आणि अशा रुग्णाची काळजी घेणाऱ्या, समजून घेऊ इच्छिणाऱ्या नातेवाइकांसाठी आहे. सर्वांत मोठी चूक कोणती होते, ते आधीच सांगतो. एक निदान पक्के झाले की दुसऱ्याचा शोध तिथेच थांबतो. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले याचा अर्थ रुग्णाला क्षय आहे एवढाच आहे. एक्स-रेमध्ये दिसणारी प्रत्येक सावली क्षयाचीच आहे, असे त्यावरून ठरत नाही.

संशय केव्हा घ्यावा

क्षयाचे औषध लागू पडत असेल तर ताप आणि भूक यांत साधारण दोन ते चार आठवड्यांत फरक दिसू लागतो आणि वजन हळूहळू वाढू लागते. एक्स-रे मात्र मागे राहतो. त्यात स्पष्ट सुधारणा दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात. म्हणून पहिल्या महिन्यात एक्स-रे जसाच्या तसा दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. दोन महिन्यांनंतर सावली मोठी झालेली असेल, किंवा थुंकी जंतुमुक्त होऊनही वजन उतरतच असेल, तर मात्र थांबून पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागतो. अशा वेळी चार शक्यता समोर ठेवाव्यात: औषधे नियमित घेतली जात नाहीत किंवा नीट शोषली जात नाहीत, जंतू औषधांना दाद देत नाही, उपचार सुरू झाल्यावर काही रुग्णांत गाठी तात्पुरत्या सुजतात, तसे झाले आहे, किंवा तिथे कर्करोग आहे. पहिल्या तीन शक्यता तपासण्यातच महिने घालवून चौथी शेवटी पाहायची, असे करू नये. चारही शक्यतांचा तपास एकाच वेळी सुरू करावा.

ज्या रुग्णाच्या थुंकीत जंतू सापडलेलाच नाही आणि केवळ एक्स-रेवरून क्षयाचा उपचार सुरू केला आहे, त्याच्या बाबतीत ही सावधगिरी दुप्पट हवी. समजा, ५५ वर्षांचा, तीस वर्षे विडी ओढणारा रुग्ण आहे. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात सावली आहे आणि थुंकी दोन वेळा तपासूनही काही सापडलेले नाही. अशा रुग्णाला ‘टीबीची औषधे देऊन पाहू’ म्हणून सहा महिन्यांच्या उपचारावर ठेवणे मला अत्यंत धोक्याचे वाटते. शस्त्रक्रियेने पूर्ण काढता आली असती अशी गाठ तेवढ्या काळात हाताबाहेर जाऊ शकते. जंतू न सापडताच, केवळ अंदाजाने क्षयाचा उपचार सुरू करावाच लागला, तर कोणत्या तारखेला पुन्हा सीटी स्कॅन करायचा आणि सुधारणा नसेल तर पुढची तपासणी कोणती, हे पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहून ठेवावे.

काही लक्षणे कर्करोगाकडे अधिक स्पष्टपणे बोट दाखवतात. आवाज बसणे आणि तो आठवडे उलटूनही न सुटणे, चेहरा व मान सुजणे आणि मानेच्या शिरा फुगलेल्या दिसणे, एका डोळ्याची पापणी उतरणे, खांद्यापासून हाताच्या आतल्या बाजूने करंगळीपर्यंत जाणारी कळ, हाडांचे रात्री वाढणारे दुखणे, नव्याने सुरू झालेली डोकेदुखी किंवा फिट, आणि बोटांची टोके फुगण्याबरोबर मनगटे दुखणे ही ती लक्षणे होत. गळपट्टीच्या हाडावरची गाठ मात्र दोन्ही रोगांत येते आणि तिथे सुई घालणे सोपे असते, म्हणून मान हाताने चाचपल्याशिवाय तपासणी पूर्ण समजू नये. रक्तातील सोडियम कमी होणे किंवा कॅल्शियम वाढणे यांवरून निवाडा करता येत नाही. हे बदलही दोन्ही रोगांत दिसतात.

पूर्वी क्षय होऊन बरा झालेल्या माणसाच्या बेडक्यातून पुन्हा रक्त आले, तर ‘जुन्या डागातून आले’ असे म्हणून त्याला घरी पाठवू नये. क्षय उलटलेला असू शकतो, श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या असू शकतात, जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढलेला असू शकतो, आणि जुन्या व्रणाच्या जागी कर्करोगही असू शकतो. अशा रुग्णाचे जुने एक्स-रे हा सर्वांत मोलाचा पुरावा असतो. नातेवाइकांनी फिल्म, सीडी, उपचारपत्रिका यांतले काहीही टाकून देऊ नये. दोन वर्षांपूर्वीच्या फिल्मवर जो डाग इतकाच होता, त्याची चिंता कमी. जो नव्हता किंवा लहान होता, त्याचा तपास तातडीने करावा.

स्कॅन काय सांगतो आणि काय सांगत नाही

साध्या एक्स-रेवर न थांबता छातीचा सीटी स्कॅन करावा, आणि मूत्रपिंडांची अवस्था परवानगी देत असेल तर तो शिरेतून रंगद्रव्य देऊन करावा. फुप्फुसाच्या वरच्या खंडाचा मागचा भाग आणि शेंडा ही क्षयाची नेहमीची जागा आहे. केवळ पुढच्या भागात एकट्याने उभी असलेली गाठ कर्करोगाचा संशय वाढवते. मुख्य सावलीभोवती विखुरलेले बारीक दाणे आणि कळ्या लागलेल्या डहाळीसारखी दिसणारी लहान श्वासनलिकांची चित्रे क्षयाच्या बाजूची आहेत. काटेरी, ओढलेली कड आणि बरगडी खाल्लेली दिसणे ही कर्करोगाच्या बाजूची खूण आहे, जरी क्षयही क्वचित बरगडी पोखरतो. पोकळी असेल तर तिच्या भिंतीची जाडी मोजावी: ४ मिलिमीटरपेक्षा पातळ भिंत बहुधा साध्या रोगाची असते, १५ मिलिमीटरपेक्षा जाड भिंत बहुधा कर्करोगाची असते, आणि मधल्या जाडीवरून काहीच ठरवता येत नाही. गाठीत चुना दिसला म्हणजे ती निर्धोक आहे, असेही धरू नये. मध्यभागी किंवा थराथराने साठलेला चुना निर्धोक असतो, पण एका कडेला असलेला चुना वाढत्या कर्करोगाने पोटात घेतलेल्या जुन्या क्षयगाठीचा असू शकतो.

मधुमेह असलेल्या रुग्णात क्षय फुप्फुसाच्या खालच्या खंडातही होतो आणि तिथे तो हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो.

पेट स्कॅनबद्दल रुग्णांच्या मनात मोठा गैरसमज असतो. या तपासणीत साखरेचा वापर जास्त करणाऱ्या पेशी उजळून दिसतात, आणि सक्रिय क्षयातल्या दाहाच्या पेशीही भरपूर साखर वापरतात. त्यामुळे गाठ उजळली म्हणून ती कर्करोगाचीच आहे, असे म्हणता येत नाही. पेट स्कॅनचा खरा उपयोग बायोप्सीची जागा निवडताना होतो. मोठ्या गाठीच्या मध्यातून सुई घेतली तर अनेकदा केवळ मेलेले ऊतक हाती लागते. कडेचा जिवंत भाग कुठे आहे, ते हा स्कॅन दाखवतो.

थुंकी आणि ऊतक

थुंकीची तपासणी प्रत्येक संशयित रुग्णात करावी: सूक्ष्मदर्शकाखाली, रेणवीय चाचणीने (जंतूचा डीएनए ओळखणारी चाचणी) आणि कल्चरने (प्रयोगशाळेत जंतू वाढवून). रेणवीय चाचणी साधारण दोन तासांत जंतू आणि रिफॅम्पिसिनला असलेला प्रतिरोध दोन्ही सांगते, पण पूर्वी क्षयाचा उपचार घेतलेल्या रुग्णात मेलेल्या जंतूंचा डीएनएही तिला सापडू शकतो. म्हणून जुन्या रुग्णात केवळ या चाचणीवरून क्षय उलटला असे न ठरवता कल्चरची जोड द्यावी. कल्चरला सहा ते आठ आठवडे लागू शकतात, आणि तेवढा काळ कर्करोगाची तपासणी अडवून धरू नये. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतात पण रेणवीय चाचणी नकारात्मक येते, अशा वेळी क्षयेतर मायकोबॅक्टेरियाचा, म्हणजे क्षयाच्या जंतूच्या कुळातल्या पण क्षय न करणाऱ्या जंतूंचा, विचार करावा. त्वचेवरची ट्युबरक्युलिन चाचणी आणि रक्ताची इग्रा चाचणी शरीरात संसर्ग शिरला होता एवढेच सांगतात. आज दिसणारी गाठ कशाची आहे, ते सांगत नाहीत.

निर्णायक पुरावा ऊतकाचा असतो. गाठ श्वासनलिकेजवळ असेल तर ब्रॉन्कोस्कोपीने (श्वासनलिकेत दुर्बीण घालून), छातीच्या भिंतीजवळ असेल तर सीटीच्या आधाराने सुई घालून, आणि छातीच्या मध्यभागातल्या लसिका ग्रंथी वाढल्या असतील तर श्वासनलिकेतून सोनोग्राफी करत घेतलेल्या सुईने नमुना मिळवता येतो. सीटीच्या आधाराने केलेल्या बायोप्सीत फुप्फुसाबाहेर हवा साठण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका असतो, याची रुग्णाला आधी स्पष्ट कल्पना द्यावी. ब्रॉन्कोस्कोपीच्या वेळी रुग्ण जोरात खोकतो, म्हणून हवा खेळती असलेल्या खोलीत आणि सर्वांनी एन-९५ मास्क लावूनच ती करावी. तपासणीनंतरच्या दिवसभरात पडणारा बेडकाही फेकू नये, कारण आधी नकारात्मक आलेल्या रुग्णात कधीकधी त्याच बेडक्यात जंतू सापडतो.

आता जी गोष्ट सर्वांत सहज विसरली जाते, तिच्याकडे वळतो. बायोप्सीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला की त्यातले जंतू मरतात आणि कल्चर करता येत नाही. म्हणून बायोप्सीच्या टेबलावर पहिल्यापासून दोन बाटल्या तयार असाव्यात: एक फॉर्मलिनची, पॅथॉलॉजीसाठी, दुसरी निर्जंतुक सलाईनची, कल्चर आणि रेणवीय चाचणीसाठी. दोन्हींवर रुग्णाचे नाव, नमुन्याची जागा आणि वेळ लिहावी. तपासणीच्या कागदावर ‘फुप्फुसातील गाठ’ एवढेच न लिहिता ‘पूर्वी क्षय’ किंवा ‘सध्या क्षयाचा उपचार सुरू, तिसरा महिना’ असेही लिहावे, कारण क्षयाच्या दाहाने बदललेल्या पेशी पाहताना पॅथॉलॉजिस्टला ही माहिती हवी असते. फॉर्मलिनमधला नमुना पुरेसा मोठा असेल तर त्याच तुकड्यावर कर्करोगाचा प्रकार, ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ यांसारखे जनुकीय बदल आणि पीडी-एल१ (इम्युनोथेरपी ठरवताना पाहिले जाणारे प्रथिन) यांची तपासणी करता येते, आणि रुग्णाला दुसऱ्यांदा सुई टोचावी लागत नाही.

अहवाल वाचताना दोन सापळे आहेत. लसिका ग्रंथीत ग्रॅन्युलोमा (क्षयात नेहमी दिसणारा दाहाच्या पेशींचा पुंजका) सापडला म्हणजे कर्करोग नाही, असे होत नाही. कर्करोगाचा निचरा होणाऱ्या ग्रंथींत केवळ प्रतिक्रिया म्हणूनही ग्रॅन्युलोमा तयार होतात. आणि लहान तुकड्यात ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ असे लिहून आले, पण स्कॅनचे चित्र तसेच संशयास्पद असेल, तर तो अहवाल म्हणजे ‘पुन्हा नमुना घ्या’ असा निरोप समजावा.

छातीत पाणी झाले असेल तर ते काढून एडीए (क्षयात वाढणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम), पेशींची तपासणी, रेणवीय चाचणी आणि कल्चर या सर्वांसाठी पाठवावे. लिम्फोसाइट पेशी जास्त असलेले पाणी दोन्ही रोगांत असते. एडीए ४० युनिटपेक्षा जास्त असणे क्षयाच्या बाजूचे असले, तरी लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) आणि पू झालेल्या छातीतही ते वाढते. पाणी लालसर असेल आणि काढल्यावर भराभर पुन्हा भरत असेल, तर एका नकारात्मक अहवालावर न थांबता थोराकोस्कोपीने (छातीत दुर्बीण घालून) फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा घ्यावा.

टप्पा ठरवताना होणारा अन्याय

कर्करोग सिद्ध झाल्यावर तो कुठवर पसरला आहे, हे ठरवताना क्षय उलट्या बाजूने फसवतो. दुसऱ्या फुप्फुसातला क्षयाचा डाग कर्करोगाचा प्रसार म्हणून वाचला जातो, क्षयाने सुजलेल्या ग्रंथी कर्करोगाच्या धरल्या जातात, आणि शस्त्रक्रियेने बरा होऊ शकणारा रुग्ण चौथ्या टप्प्याचा ठरवला जातो. माझे ठाम मत आहे की क्षयाचा इतिहास असलेल्या कोणत्याही रुग्णाला केवळ स्कॅनवरून शस्त्रक्रियेच्या बाहेर काढू नये. ज्या एका ग्रंथीवर किंवा डागावर निर्णय अवलंबून आहे, त्याचा नमुना घेऊन मगच ठरवावे. नातेवाइकांनीही ‘ही गाठ कर्करोगाचीच आहे हे तपासून पाहिले आहे का’ असा प्रश्न निःसंकोचपणे विचारावा.

उपचारांचा क्रम

दोन्ही रोग सक्रिय असतील तर क्षयाचा उपचार लगेच सुरू करावा, पण तो संपेपर्यंत कर्करोगाला थांबवून ठेवू नये. नेहमीच्या क्षयावर पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे असतात व पुढचे किमान चार महिने कमी औषधे असतात. जंतू औषधांना दाद देणारा असेल तर साधारण दोन ते तीन आठवड्यांत संसर्ग पसरवण्याची क्षमता बरीच घटते, आणि रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर त्यानंतर केमोथेरपी सुरू करता येते. स्मॉल सेल हा झपाट्याने वाढणारा कर्करोग किंवा डोके-मानेकडून हृदयाकडे येणारी छातीतली मोठी शीर दाबली गेल्याची अवस्था एवढा वेळही देत नाही. तिथे विलगीकरणात दोन्ही उपचार बरोबरच चालू करावे लागतात. थुंकीत जंतू असलेल्या रुग्णाला केमोथेरपीच्या सामायिक कक्षात बसवू नये, कारण शेजारच्या रुग्णांची प्रतिकारशक्ती उपचारांनी आधीच खालावलेली असते.

सुरुवातीच्या टप्प्यात शस्त्रक्रिया हाच सर्वांत आशादायक उपाय आहे, आणि क्षय आटोक्यात आल्यावर ती करता येते. मात्र क्षयाने फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेले असते आणि तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, म्हणून रक्तस्रावाची तयारी ठेवावी लागते. क्षयाने आधीच निकामी झालेला भाग आणि काढायचा भाग यांचा हिशेब मांडून उरणारी श्वासाची क्षमता स्पायरोमेट्री व वायुविनिमयाच्या चाचणीने आधीच मोजावी. ती पुरेशी नसेल तर लहान गाठीवर अचूक किरणोपचार हा पर्याय आहे.

केमोथेरपीत औषधांचे दुष्परिणाम एकमेकांत मिसळतात. आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या येतात, सिस्प्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधांनीही येतात. म्हणून पायरिडॉक्सिन (जीवनसत्त्व ब६) द्यावे आणि दर भेटीत मुंग्यांबद्दल विचारावे. प्रतिरोधी क्षयासाठी अमिकासिन चालू असेल तर सिस्प्लॅटिन टाळणे बरे, कारण दोन्ही औषधे कान आणि मूत्रपिंडे बिघडवतात. प्रतिरोधी क्षयावरचे लिनेझोलिड आणि केमोथेरपी दोन्ही रक्तपेशी घटवतात. क्षयावरची बेडाक्विलिन व मॉक्सिफ्लॉक्सासिन, कर्करोगाची गोळी ओसिमर्टिनिब आणि उलटी थांबवणारे ऑन्डॅन्सेट्रॉन ही सर्व ईसीजीतला क्यूटी कालावधी लांबवतात (त्याने हृदयाची लय धोकादायकरीत्या बिघडू शकते), म्हणून यांपैकी दोन एकत्र येत असतील तर आधी ईसीजी काढावा आणि पोटॅशियम तपासावे. यकृताची तपासणी सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी करावी. एएलटी (यकृताची इजा दाखवणारे रक्तातले विकर) नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट होऊन मळमळ किंवा कावीळ असेल, किंवा लक्षणे नसतानाही पाचपट झाले असेल, तर यकृताला त्रास देणारी क्षयाची औषधे थांबवून तज्ज्ञांच्या देखरेखीत एकेक करून पुन्हा सुरू करावी लागतात.

सर्वांत मोठी अडचण रिफॅम्पिसिनची आहे. हे औषध यकृतातली विकरे वाढवते आणि त्यामुळे इतर अनेक औषधे शरीरातून लवकर निघून जातात. जनुकीय बदल पाहून दिल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या गोळ्यांवर याचा मोठा परिणाम होतो: त्याच्याबरोबर घेतल्यास शरीराला मिळणारे गेफिटिनिब सुमारे ८३ टक्क्यांनी आणि ओसिमर्टिनिब सुमारे ७८ टक्क्यांनी घटते. रुग्ण रोज गोळी घेत राहतो आणि कर्करोग मात्र उपचाराविना राहतो. अफाटिनिबवरचा परिणाम तुलनेने कमी, सुमारे ३४ टक्के आहे. लोर्लाटिनिब रिफॅम्पिसिनबरोबर मुळीच देऊ नये. त्या जोडीने यकृताला गंभीर इजा होते. वेदनाशामक मॉर्फिन, सूज उतरवणारे डेक्सामेथासोन, रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन यांचाही परिणाम रिफॅम्पिसिनमुळे कमी होतो, म्हणून वेदना अचानक वाढल्या किंवा मेंदूची सूज उतरेना, तर रोग वाढला असे म्हणण्याआधी औषधांची यादी पाहावी. रिफॅम्पिसिन काढून टाकण्याचा मोहही धोक्याचा आहे, कारण त्याच्याशिवाय क्षयाचा उपचार बराच लांबतो. रिफॅम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन वापरायचे, कर्करोगाच्या गोळीचा डोस वाढवायचा, की क्षयाच्या उपचारादरम्यान केमोथेरपीवर राहायचे, हे क्षयतज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसूनच ठरवावे.

पीडी-१ किंवा पीडी-एल१ रोखणाऱ्या इम्युनोथेरपीने (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध मोकळी करणाऱ्या उपचाराने) दबलेला क्षय जागा झाल्याची उदाहरणे आहेत. असा उपचार चालू असताना नवी सावली दिसली तर ती कर्करोगाची वाढ, औषधाने आलेला फुप्फुसाचा दाह किंवा क्षय यांपैकी काहीही असू शकते. दाहासाठी स्टेरॉइड सुरू करण्याआधी थुंकी तपासणीला गेलेली असावी.

क्षयाच्या औषधांचा डोस वजनावर ठरतो आणि कर्करोगात वजन झपाट्याने बदलते, म्हणून दर भेटीत वजन करून डोस पुन्हा पाहावा. धूम्रपान या टप्प्यावर सोडल्यानेही शस्त्रक्रियेतले आणि औषधोपचारातले धोके कमी होतात, हे रुग्णाला दोष न देता सांगावे. वेदना, धाप आणि खोकला यांसाठी उपशामक उपचारांची मदत पहिल्या महिन्यापासूनच घ्यावी. क्षयाचा कोर्स संपतो त्या दिवशी औषधांची यादी आणखी एकदा तपासावी, कारण रिफॅम्पिसिन बंद केल्यावर विकरांचे वाढलेले काम दोन-तीन आठवड्यांत ओसरते. त्याच्यामुळे ओसिमर्टिनिब १६० मिलिग्रॅमपर्यंत वाढवले असेल तर तीन आठवड्यांनी ते पुन्हा ८० मिलिग्रॅमवर आणावे, आणि मॉर्फिन व वॉरफरिनचे डोसही त्याच काळात नव्याने बसवावेत.